शिकवणाऱ्यांच्या सोबतीला मानसशास्त्रज्ञ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. मानसशास्त्र करणारी मुलंमुली, नव्याने रुजू झालेले प्राध्यापक आणि अधूनमधून पालकही मला हे प्रश्न विचारतात. मी १९ वर्षं या क्षेत्रात आहे. आधी कॉलेजात शिकवलं, समुपदेशन केलं आणि आता एका विद्यापीठात प्राध्यापकांबरोबर त्यांच्या शिकवण्यावर आणि वर्ग समावेशक, म्हणजे प्रत्येक मुलाला सामावून घेणारा, करण्यावर काम करते. खालची उत्तरं याच कामातून आली आहेत.

तुम्ही समुपदेशक आहात की प्राध्यापक?

आता दोन्ही नाही. माझ्याकडे येतात ते शिकवणारे लोक. कुणाच्या वर्गात निम्मी मुलं पहिल्या चाचणीत नापास झालेली असतात. कुणाला वाटतं, मागच्या तीन बाकांपर्यंत आपला आवाज पोचतो पण विषय पोचत नाही. कुणी पहिल्यांदाच दीडशे मुलांच्या वर्गासमोर उभं राहणार असतं. मी त्यांच्या तासाला मागे बसते, प्रश्नपत्रिका पाहते, अभ्यासक्रमाची आठवड्यांत केलेली वाटणी पाहते आणि मग आम्ही बोलतो.

मला सर्वांत उपयोगी वाटणारं काम सत्राच्या मध्यावर होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्राध्यापकांच्या संमतीने मी त्यांच्या वर्गात जाते आणि ते वीस मिनिटं बाहेर थांबतात. मी मुलांना तीनच गोष्टी विचारते: या तासात कशामुळे समजतं, कशामुळे अडतं, आणि काय बदललं तर बरं होईल. मुलं आधी गटात बोलतात, मग जे बहुतेकांना पटतं तेवढंच मी लिहून घेते. दुसऱ्या दिवशी ते कागद मी फक्त त्या प्राध्यापकांसमोर ठेवते. विभागप्रमुखांकडे, आयक्यूएसीकडे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) किंवा प्राचार्यांकडे त्यातली एक ओळही जात नाही. हा नियम मोडला तर पुढच्या वर्षी मला कुणी वर्गात येऊ देणार नाही, आणि ते योग्यच असेल.

समुपदेशन सोडून इकडे का वळलात?

एका सत्रात माझ्याकडे एकाच वर्गातली मुलं एकामागून एक येऊ लागली. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी उलट्या, हाताला कंप. पहिल्या मुलीला मी श्वासाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्याला विचारांची नोंद ठेवायला सांगितलं. पाचवा मुलगा आला तेव्हा मला समजलं की मी एकेका मुलाला अशा परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवते आहे, जी बदलता येण्यासारखी आहे.

ती तोंडी सगळ्या वर्गासमोर होत होती. प्रश्न कुठूनही येई, उत्तर इंग्रजीतच द्यायचं, आणि अडखळलं की मागून हसू ऐकू येई. आलेल्या पाचपैकी चार मुलं मराठी माध्यमातून आलेली होती. मी त्या प्राध्यापिकांना भेटले. त्या वाईट शिक्षिका नव्हत्या. त्यांच्या शिक्षकांनी घेतली होती तशीच तोंडी त्या घेत होत्या. आम्ही मिळून तीन बदल केले. पंधरा प्रश्न आठवडाभर आधी द्यायचे आणि त्यांतूनच विचारायचे. तोंडी बंद खोलीत, दोघादोघांची घ्यायची. संज्ञा इंग्रजीत हव्यात, समजावून सांगणं हव्या त्या भाषेत चालेल. पुढच्या सत्रात त्या वर्गातून तोंडीच्या भीतीपोटी माझ्याकडे कुणी आलं नाही. प्राध्यापिका म्हणाल्या, "उत्तरंही बरी आली, कारण मुलांनी पंधराच्या पंधरा प्रश्न खरोखर वाचले होते."

समुपदेशनाची गरज संपते असं मी म्हणत नाही. पण ज्या खोलीत मुलांचा जीव घाबरा होतो ती खोलीही कुणीतरी तपासली पाहिजे, आणि मला ते काम करायचं होतं.

हे पद आलं कुठून?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये अध्ययन-अध्यापनावर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. त्या देशातलं या प्रकारचं पहिलं केंद्र म्हणून ते ओळखलं जातं. त्याचे पहिले संचालक स्टॅनफर्ड एरिक्सन मानसशास्त्रज्ञ होते आणि पुढे काही वर्षं ते केंद्र चालवणारे विल्बर्ट मॅककीची हेही मानसशास्त्रज्ञच. योगायोग असा की त्याच १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तेही मानसशास्त्राचेच अभ्यासक. त्यांचा रोख बुद्धिमान मुलांकडे होता, म्हणजे वेगळ्या दिशेला. पण शिकवण्याच्या पद्धतीला मानसशास्त्राचा पाया हवा ही समज आपल्याकडेही तेव्हापासून आहे.

भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स हे शब्द प्रत्येक प्राध्यापकाला तिथूनच माहीत झाले. पुढे त्यांचं नाव बदललं आणि २०२३ पासून हे प्रशिक्षण मालवीय मिशन या नावाने चालतं. माझी तक्रार एकच आहे: दोन आठवड्यांचा कोर्स संपतो, प्रमाणपत्र फाइलला लागतं, आणि सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर माणूस पुन्हा एकटाच असतो. त्या सोमवारी कुणीतरी सोबत हवं.

'समावेशक' म्हणजे आरक्षण पाळलं की झालं ना?

आरक्षणामुळे दार उघडतं, आणि ते उघडायला फार मोठा लढा द्यावा लागला. मी बोलते ते दारातून आत आल्यानंतरच्या गोष्टींबद्दल.

एका वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्या मुलांची नावं तासाच्या सुरुवातीला मोठ्याने वाचली जायची. कुणाच्या मनात वाईट हेतू नव्हता, तारीख चुकू नये एवढाच विचार. पण त्या यादीतून कोण कुठल्या प्रवर्गातलं हे सगळ्या वर्गाला कळत होतं. एका मुलीने मला सांगितलं की त्या दिवसानंतर तिच्या प्रॅक्टिकलच्या जोडीदाराने जागा बदलली. तिने तक्रार केली नाही. ती फक्त तासाला प्रश्न विचारायची थांबली.

अशा गोष्टी कागदावर क्वचित येतात. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींवर सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. वसतिगृहात, परीक्षेत आणि शिक्षकांच्या वागण्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना काय सोसावं लागतं हे त्यामुळे लोकांसमोर आलं. त्यानंतर २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समता विनियम काढले, समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असावा असं सांगितलं. कक्षाची पाटी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. त्या खोलीत कुणी बसलेलं असतं का, आणि मुलांना ती खोली कुठे आहे हे ठाऊक असतं का, हे मी प्रत्येक कॉलेजात गेल्यावर आधी विचारते.

शिष्यवृत्तीची ती यादी आता नोटीस बोर्डावरही लागत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज जातो. एवढ्याशा बदलासाठी तीन बैठका झाल्या.

ही सगळी परदेशातून आलेली फॅशन आहे, असं आमचे सर म्हणतात.

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. कोण शिकायला येऊ शकेल आणि आल्यावर टिकेल कसं, हा विचार या माणसांनी इमारत उभी करतानाच केला होता. 'कमवा आणि शिका'मधला मुलगा पहाटे काम करून नऊच्या तासाला येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला समावेशक शिक्षण म्हणजे काय हे नव्याने सांगावं लागत नाही.

यामागे खरं संशोधन आहे का, की सगळं चांगुलपणावर चाललं आहे?

संशोधन आहे, आणि भरपूर आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. जिथे केवळ व्याख्यान होतं तिथे नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, आणि जिथे मुलं तासात सोडवतात, चर्चा करतात, लिहितात तिथे २१.८ टक्के. शंभराच्या वर्गात बारा मुलांचं वर्ष! मी प्राध्यापकांना हा आकडा नेहमी मुलांच्या संख्येत सांगते.

आठवण्याबद्दलही असंच. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हापुन्हा वाचलेलं पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने पाहिलं तर पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतलेल्यांना जास्त आठवतं. म्हणून मी प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावर दोन प्रश्न विचारायला सांगते. मार्क नाहीत, पेपर गोळा करणं नाही. ज्या मुलाच्या घरी अभ्यास कसा करावा हे सांगणारं कुणी नाही, त्याला तो सराव वर्गातच मिळतो.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत २०१९ मध्ये असं दिसलं की कृतीतून शिकलेली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. डोक्याला ताण पडला की शिकणं बिघडतंय असा समज होतो. म्हणून पद्धत बदलणाऱ्या प्राध्यापकांनी मुलांना पहिल्याच आठवड्यात हे सांगून टाकावं. नाहीतर सत्राअखेरच्या फीडबॅकमध्ये "सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात" असं लिहून येतं आणि चांगला बदल तिथेच मरतो.

दृश्य, श्राव्य, कृतिशील असे मुलांचे प्रकार पाडून शिकवावं का?

नको. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले. प्रकारानुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं असं म्हणण्याइतका आधार त्यांना सापडला नाही. आकृती सगळ्यांनाच उपयोगी पडते. शिवाय 'मी श्राव्य प्रकारातली' असा शिक्का बसलेली मुलगी वाचनाचा प्रयत्नच सोडते, हे मी पाहिलं आहे.

मुलांना आपलेपणा वाटावा म्हणून एखादं वर्कशॉप घ्याल का?

ही विनंती जूनमध्ये दर आठवड्याला येते आणि मी आधी काही प्रश्न विचारते.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ चा अभ्यास यामागे असतो. अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांनी तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचले: सुरुवातीला आपण इथले नाही असं जवळपास सगळ्यांना वाटतं, आणि ते हळूहळू ओसरतं. त्या एका सत्रानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. पण त्यात जेमतेम ९२ विद्यार्थी होते. २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर झाला. तेव्हा दिसलं की ज्या संस्थेत त्या मुलांना सामावून घेणारं वातावरण खरोखर असतं, तिथेच त्याचा उपयोग होतो.

तेव्हा माझे प्रश्न असे असतात. वसतिगृहाच्या मेसमध्ये टेबलं कशी वाटली जातात? नापास झालेल्या मुलाशी कोण बोलतं, आणि कधी? 'रिझर्व्हेशनवाले' हा शब्द स्टाफरूममध्ये ऐकू येतो का? याची उत्तरं ठीक असतील तर मी आनंदाने वर्कशॉप घेते. नसतील तर मी स्टाफरूममधून सुरुवात करू देण्याची विनंती करते. "हे ठिकाण तुमचंच आहे" असं मुलांना सांगायचं आणि ते ठिकाण त्यांचं नसायचं, याला मी फसवणूक समजते.

एवढ्या सवलती दिल्या तर दर्जा घसरणार नाही का?

मी विचारते, दर्जा म्हणजे नक्की काय मोजायचं आहे? रसायनशास्त्राच्या पेपरात रसायनशास्त्र मोजायचं असेल तर वेगाने लिहिण्याची परीक्षा घ्यायची गरज नाही.

उलट अपेक्षा कमी करणं मला भेदभावाचा सर्वांत सभ्य दिसणारा प्रकार वाटतो. "ग्रामीण भागातली आहे, पास होऊ दे" म्हणत कच्च्या निबंधाला बरे मार्क देणारा शिक्षक दयाळू दिसतो, पण त्या मुलीला कधीच कळत नाही की तिला कुठे सुधारायचं आहे. कोहेन, स्टील आणि रॉस यांनी १९९९ मध्ये अभिप्राय देण्याची जी रीत तपासली ती मी सगळ्यांना शिकवते. चुका स्पष्ट दाखवा, आपली अपेक्षा मोठी आहे हे सांगा, आणि हा विद्यार्थी ती गाठू शकतो असा विश्वास व्यक्त करा. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. माझ्या एका सहकाऱ्याने हे मराठीत फार नेमकं आणलं. तो वहीवर लिहितो: "इतक्या चुका काढल्या, कारण हा निबंध छापण्याजोगा होऊ शकतो. पुन्हा लिहून आण."

मराठी माध्यमातून आलेली मुलं तासाला बोलतच नाहीत. काय करावं?

त्यांच्या बाजूने तो क्षण पाहा. तुम्ही प्रश्न विचारता. मुलगी तो समजून घेते, उत्तर मराठीत सुचतं, त्याचं इंग्रजी करते, काळ बरोबर आहे का तपासते. तोवर तुम्ही स्वतःच उत्तर देऊन फळा पुसलेला असतो.

मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आपल्या द्विभाषिक वर्गात मी दहा सेकंद थांबायला सांगते आणि त्याआधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायला, कोणत्याही भाषेत. आधी शेजाऱ्यासमोर तपासलेलं उत्तर वर्गासमोर सांगणं सोपं जातं.

आणि बोलताना मुलीने मराठीत उत्तर दिलं तर "इन इंग्लिश, प्लीज" म्हणू नका. उत्तर बरोबर असेल तर बरोबर म्हणा, मग तेच वाक्य तुम्ही इंग्रजीत म्हणा. तिला विषयही मिळतो आणि भाषाही.

अपंग विद्यार्थी किंवा लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्यांचं काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखायच्या आहेत. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ यांचे नियमही आहेत. प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयातूनच मिळतं. मी ते देत नाही, देऊ शकत नाही.

दहावीला सवलत घेतलेली बरीच मुलं कॉलेजात आल्यावर ती मागतच नाहीत. लाज वाटते, किंवा परीक्षा विभागात चार खिडक्या फिराव्या लागतात. म्हणून मी प्राध्यापकांना सुचवते की पहिल्या तासाला सगळ्या वर्गालाच सांगा, "कुणाला काही सोय लागत असेल तर मला अमुक वेळी भेटा." काही सोयी तर सगळ्यांनाच द्याव्यात. स्लाइड आदल्या दिवशी द्या. फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचा. आकृती शब्दांत सांगा. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी केलेली ही सवय वहीत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालतं. या कामात उतरायचं असेल तर ते एकदा जाऊन बघा.

प्राध्यापक तुमचं ऐकतात का?

स्वतःहून आलेले ऐकतात. वरून पाठवलेले पहिल्या भेटीत हाताची घडी घालून बसतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी सल्ला देण्याआधी विचारते, "या विषयातली तुमची सर्वांत आवडती गोष्ट कोणती?" त्या उत्तरापासून पुढे जाता येतं.

सर्वांत जास्त काळजी मला तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची वाटते. सीएचबीवरचा शिक्षक तीन कॉलेजांत धावत तास घेतो, सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ठाऊक नसतं. त्याच्याकडून पन्नास मुलांना सविस्तर अभिप्राय मागणं अन्यायाचं आहे. समावेशक संस्कृतीत तोही मोजला गेला पाहिजे. मी त्याच्यासाठी पाच मिनिटांत होणारे उपाय शोधते, आणि बैठकीत त्याच्या मानधनाचा विषय काढते, तो अजेंड्यावर नसला तरी.

या कामासाठी काय शिकावं लागतं? नोकरी कुठे मिळते?

मानसशास्त्रात एम.ए., शक्यतो शैक्षणिक, सामाजिक किंवा बोधनिक (कॉग्निटिव्ह) बाजूचं. शिकवायचं असेल तर नेट, किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट, पुढे पीएच.डी. निदान आणि उपचार करायचे असतील तर मार्ग वेगळा: क्लिनिकल प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या कामाला ती लागत नाही, पण आपली हद्द कुठे संपते हे नेमकं माहीत हवं.

'अध्यापन सहाय्यक मानसशास्त्रज्ञ' अशी जाहिरात तुम्हाला सहसा दिसणार नाही. काही खासगी विद्यापीठांत आणि मोठ्या संस्थांत टीचिंग-लर्निंग सेंटर असतात, तिथे पाहा. बाकी ठिकाणी माणूस समुपदेशक किंवा सहायक प्राध्यापक म्हणून शिरतो आणि हे काम स्वतः उभं करतो. मी तसंच केलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे निर्देश दिले. त्यातून पदं निघतील. ज्यांची नेमणूक होईल त्यांनी खोलीत बसून मुलांची वाट पाहण्याबरोबर आठवड्यातला एक दिवस वर्गांसाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि आधी निदान दोन वर्षं स्वतः शिकवा. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात शेवटचा तास घेतलेला नसेल तर प्राध्यापक तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत.

एखादा विद्यार्थी फार खचलेला दिसला तर शिक्षकाने काय करावं?

बाजूला घेऊन साध्या शब्दांत विचारावं, ऐकावं, आणि कॉलेजच्या समुपदेशकापर्यंत स्वतः सोबत जावं. फक्त नंबर देऊन पाठवू नये. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर मोफत चालते आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नये.

नव्या सत्रापासून काही एकच गोष्ट बदलायची असेल तर?

हजेरी. पहिल्या दिवशी आडनावासकट यादी वाचण्याऐवजी एक कोरा कागद फिरवा आणि प्रत्येकाला लिहू द्या: मला वर्गात काय म्हणून हाक मारावी. मग त्याच नावाने हाक मारा. एका प्राध्यापकांनी हे गेल्या वर्षी केलं. एका मुलाने लिहिलं होतं, "सर, घरी आणि गावात सगळे बाळू म्हणतात, पण मला प्रकाश आवडतं." हजेरीपटावर त्याचं नाव प्रकाशच होतं. त्या नावाने त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती.